तोंडात अंडी धरलेला शिंगाळा आणि माढ्यातलं शेततळं

माढा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: "सोलापूरच्या मासळी बाजारातून चारेक किलोचा शिंगाळा आणला. विकणारा म्हणाला, समुद्राचा आहे, रत्नागिरीहून बर्फात आलाय. घरी साफ करताना त्याच्या तोंडातून बोराएवढी पिवळट अंडी निघाली, पोटात मात्र काहीच नव्हतं. त्याच गडबडीत धाकट्या भावाच्या बोटात काटा घुसला आणि हात मनगटापर्यंत सुजला. दोन दिवस झाले, ठणका आहेच. हा आपल्या उजनीतल्या शिंगट्याचाच प्रकार का? तसं असेल तर शेततळ्यात सोडता येईल का? आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे, पिकाला चालत नाही, म्हणून वाटलं की समुद्राचा मासा तरी त्यात जमेल."

आधी भावाच्या बोटाचं बघू. माशाचं नंतर निवांत बोलता येईल.

शिंगाळ्याचे तीन काटे धोक्याचे. एक पाठीवरच्या पराचा आणि दोन छातीच्या परांचे, डावा-उजवा. या काट्यांच्या कडा दातेरी असतात आणि दात मागच्या बाजूला वळलेले असतात. त्यामुळे काटा आत जाताना सरळ जातो, पण ओढून काढताना मांस फाडत येतो. काट्यावर पातळ कातडीचं आवरण असतं आणि त्यात विष तयार करणाऱ्या पेशी असतात. काटा टोचला की आवरण फाटतं आणि विष थेट जखमेत उतरतं. मासा मेलेला असला, बर्फातून आलेला असला, तरी ते विष पूर्णपणे निकामी झालेलं नसतं. बाजारातला मासा साफ करतानाही हात सुजतो तो त्यामुळेच.

हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने मोडतं. म्हणून काटा लागल्या लागल्या करायचा उपाय म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणं. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, धडक्या हाताने तपासायचं. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि भाजून आणखी एक दुखणं होतं. हा उपाय पहिल्या काही तासांतला. तुमच्या भावाचे दोन दिवस होऊन गेलेत, सूज मनगटापर्यंत आहे, म्हणजे आता प्रश्न विषाचा कमी आणि जंतूंचा जास्त आहे. आजच डॉक्टरांकडे न्या. तीन गोष्टी त्यांना आवर्जून सांगा: काटा समुद्री माशाचा होता, टोक आत मोडून राहिलं असण्याची शक्यता आहे (एक्स-रे काढून बघता येईल), आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं. समुद्राच्या पाण्यातले जंतू आपल्याकडच्या जखमांतल्या नेहमीच्या जंतूंपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे औषध निवडताना ही माहिती कामाला येते. भावाला मधुमेह असेल तर अर्धा दिवसही थांबू नका. हळद, चुना, तंबाखू दाबून बांधलं असेल तर सोडा.

याच कुळातल्या माशांच्या अंगावरच्या बुळबुळीतावर कुवेतमध्ये बरंच संशोधन झालंय. मासा घाबरला की कातडीतून जो चिकट स्राव सोडतो त्यात विषारी घटकही सापडले आणि जखम लवकर भरायला मदत करणारे घटकही सापडले. प्रयोगशाळेतली गोष्ट प्रयोगशाळेतच ठेवा. बुळबुळीत पदार्थ जखमेला चोळण्याचा उद्योग कुणी करू नये.

पुढच्या वेळी मासा हातात घ्यायच्या आधीच तिन्ही काटे पक्कडीने मुळाशी मोडून टाका. पाठीचा काटा उभा राहिला की नुसता दाबून खाली बसत नाही. त्याच्या पुढे एक अगदी आखूड काटा असतो, तो मोठ्या काट्याला अडवून धरतो. छातीच्या काट्यांनाही सांध्यात अशीच अडकण असते. मेल्यावरही ती तशीच राहते. बंदरावर जाळं सोडवणारी माणसं शिंगाळा दिसला की आधी काटे मोडतात आणि मग टोपलीत टाकतात.

आता दुसरा प्रश्न. उजनीतला शिंगटा आणि हा एकच का? नाही. दोघेही मिशीवाले, बिनखवल्याचे, म्हणून दिसायला जवळचे वाटतात, पण कुळं वेगळी आहेत. तुम्हाला घरच्या घरी ओळखता यावं म्हणून सांगतो: मिशा मोजा. उजनीतल्या शिंगट्याला मिशांच्या चार जोड्या असतात आणि त्यातली एक बारीक जोडी नाकपुड्यांपाशी असते. समुद्री शिंगाळ्याला नाकाजवळ मिशा नसतातच. वरच्या जबड्याची एक जोडी आणि हनुवटीखाली दोन, अशा तीन जोड्या. (किनाऱ्यावर एक मिशांची एकच जोडी असलेली जातही सापडते आणि तिच्या मिशा ताठ, हाडासारख्या असतात. ती तुमच्या वर्णनात बसत नाही.) दुसरी खूण पाठीवर. शिंगट्याच्या पाठीवर मागच्या बाजूला एक लांबलचक मांसल पर असतो आणि त्याच्या शेवटी काळा ठिपका असतो. समुद्री शिंगाळ्याचा हा पर आखूड असतो. तिसरी खूण बोटाला कळते. शिंगट्याचं डोकं लांब आणि चपटं, हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. समुद्री शिंगाळ्याच्या कपाळावर हाडांचं कवच असतं, त्यावर खरखरीत दाणे असतात आणि ते मागे पाठीच्या काट्यापर्यंत जाऊन भिडतं.

तुम्ही सांगितलेलं वजन आणि अंड्यांचा आकार पाहता तुमचा मासा बहुधा नेटुमा थॅलॅसिना असावा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिळणाऱ्या शिंगाळ्यांमधला हा सगळ्यात थोराड. मीटरभर वाढलेलेही मिळतात. रुपेल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रातल्या नमुन्यावरून १८३७ साली याचं वर्णन केलं. जुन्या सरकारी अहवालांत हाच मासा टॅकिसुरस किंवा एरियस या नावाखाली सापडेल, गोंधळू नका. खात्री करायची तर पुढच्या वेळी तोंड उघडून टाळू बघा. शिंगाळ्यांच्या जाती ओळखण्याची खरी जागा तीच. टाळूवर बारीक दातांचे पट्टे असतात. ते किती, कुठल्या आकाराचे आणि कसे मांडलेले आहेत यावरून जात ठरते. नेटुमात प्रत्येक बाजूला तीन पट्टे मिळून त्रिकोणासारखी रचना होते. अंगाचा रंग बघून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बर्फात चार दिवस राहिलेला प्रत्येक शिंगाळा करडाच दिसतो.

याला जोडून येणारी एक शंका मला इथे बऱ्याच जणांनी विचारली आहे. समुद्राचा शिंगाळा नदीतून वर चढत उजनीपर्यंत आला असेल का? सोलापूरकर समुद्र म्हटलं की कोकणाकडे बघतात, कारण मासळीचा ट्रक तिकडून येतो. पण उजनीचं पाणी कोकणात जातच नाही. भीमा पूर्वेला वाहते, कर्नाटकातून पुढे जाऊन कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे समुद्रातून उजनीत यायचं तर माशाला आंध्रच्या किनाऱ्यावरून निघून प्रकाशम बंधारा, पुलिचिंतला, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराला अशा भिंती ओलांडाव्या लागतील आणि पुढे उजनीची भिंत उरतेच. त्यामुळे उजनीत कुणी तीन जोड्या मिशांचा खरखरीत डोक्याचा मासा पकडल्याचं सांगितलं, तर तो आधी मला दाखवा.

मार्जारमत्स्यांची, म्हणजे या मिशीवाल्या माशांची, बहुतेक सगळी कुळं गोड्या पाण्यातली. मांगूर, शिंगटा, शिवडा, पंगस, सगळे नदी-तळ्यातले. मुख्यतः समुद्रात राहणारी कुळं फक्त दोन. एक हे शिंगाळ्याचं, ज्याला एरिइडी म्हणतात. दुसरं ज्यांची शेपटी वामेसारखी निमुळती होत जाते त्या माशांचं. शिंगाळ्याच्या कुळातले काही भाऊबंद ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या नद्यांमध्ये पूर्णपणे गोड्या पाण्यात राहतात. म्हणजे समुद्रात गेलेल्या कुळातले काही जण परत नदीत स्थिरावले. पण आपल्या किनाऱ्यावरचा हा थोराड शिंगाळा त्यांच्यातला नाही. तो समुद्राचा आहे. खाड्यांच्या तोंडाशी, निमखाऱ्या पाण्यात येतो, पिलं तर तिथे बरीच सापडतात, पण अगदी गोड्या पाण्यात क्वचितच शिरतो.

त्याचं घर म्हणजे गाळाचा तळ. खडकाळ किनाऱ्यावर किंवा स्वच्छ वाळूवर त्याला काही काम नसतं. वाशिष्ठी, शास्त्री, सावित्री या नद्या पावसाळ्यात जो गाळ समुद्रात टाकतात, तो जिथे बसतो तिथे खेकडे, कोळंबी, चिखलातले किडे आणि शिंपले मुबलक असतात. शिंगाळा तेच खातो. जोडीला छोटे मासेही. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो. त्या मिशांवर चवीच्या आणि स्पर्शाच्या पेशी असतात आणि त्यांनीच तो तळ चाचपत चालतो. त्याची श्रवणशक्तीही तेज आहे. हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, म्हणजे पिशवीवर पडलेला आवाज थेट कानात पोचतो. मासा नुसता ऐकत नाही, बोलतोही. त्याच पिशवीला जोडलेले स्नायू भराभर आकुंचन पावले की घुमल्यासारखा आवाज येतो. जिवंत शिंगाळा होडीत ओढला की तो घुरघुरतो ते असं. शिवाय छातीचा काटा सांध्यात घासूनही तो करकर आवाज काढतो.

तुमच्या घरच्यांनी डोक्याचं कालवण केलं असेल तर ताटात दोन पांढरे, गुळगुळीत खडे आले असतील. ते दगड नव्हेत आणि मासा खराब आहे असंही नाही. ते त्याच्या कानातले खडे. सगळ्या हाडांच्या माशांना असे खडे असतात, पण शिंगाळ्याच्या कुळात ते फारच मोठे होतात. विशेष म्हणजे इतर बहुतेक माशांत जो खडा मोठा असतो तो यांच्यात छोटा राहतो आणि दुसराच मोठा होतो. त्यांचा काप घेऊन भिंगाखाली बघितला तर वाढीची वलयं दिसतात आणि त्यावरून वय काढता येतं. चार किलोचा शिंगाळा म्हणजे काही एका हंगामाचं पीक नव्हे, त्यामागे बरीच वर्षं असतात. ही गोष्ट शेततळ्याच्या प्रश्नाशी जोडलेली आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता तोंडातली अंडी. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

तुम्ही आणलेला मासा नर होता. मादीच्या पोटातली अंडी म्हणजे गाभोळी. ती पिशवीत असते, मासा कापला की पोटात सापडते. तोंडात अंडी सापडली आणि पोट रिकामं असलं, तर तो अंडी उबवणारा बाप. शिंगाळ्याच्या कुळात मादी अंडी घालते, नर ती तोंडात घेतो आणि पिलं होऊन ती स्वतःच्या बळावर पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळतो. जातीनुसार आणि पाण्याच्या तापमानानुसार हे दीड-दोन महिने चालतं. या काळात नर खात नाही. अंडी धरलेल्या नरांची पोटं उघडून पाहणाऱ्या अभ्यासकांना ती बहुतेक रिकामीच मिळतात. क्वचित पोटात एखाद-दुसरं अंडं मिळतं, ते पकडले जाताना धांदलीत गिळलं गेलेलं असावं. विणीच्या दिवसांत मादीच्या पोटाखालच्या परांवर मांसल जाड भाग तयार होतो. अंडी तिच्याकडून नराकडे जाताना त्याचा उपयोग होत असावा असं मानलं जातं. नदीतला शिंगटाही पिलांची राखण करतो, पण तळाला खड्डा करून. तोंड हा प्रकार त्याच्याकडे नाही.

ही अंडी एवढी मोठी का, तर त्यात बलक भरपूर असतो. या कुळात अंड्याचा व्यास १० ते २० मिलिमीटर भरतो. हाडांच्या माशांमध्ये एवढी मोठी अंडी फार थोड्यांची. पिलू अंड्यातून बाहेर आलं तरी त्याच्या पोटाला बलकाची पिशवी लटकत असते. ती संपेपर्यंत ते बापाच्या तोंडातच राहतं आणि बाहेर पडतं तेव्हा बोटाच्या पेरांएवढं, पाचेक सेंटीमीटरचं झालेलं असतं. काटे तोवर टणक व्हायला लागलेले असतात, म्हणून त्याला गिळणं इतर माशांना सोपं जात नाही.

पण अंडी मोठी म्हणजे संख्या कमी. एका वेळी काही दहांच्या घरात, फार तर शे-दोनशे. रोहू किंवा कटल्याची मादी किलोमागे लाखाच्या पटीत अंडी घालते. त्यातली बहुतेक मेली तरी तिचं भागतं. शिंगाळ्याचा हिशोब वेगळा आहे. थोडी अंडी, प्रत्येकावर भरपूर खर्च आणि बापाची दोन महिन्यांची उपासमार. ही पद्धत समुद्रात लाखो वर्षं उत्तम चालली, कारण तिथे त्या बापांचा सगळाच्या सगळा थवा गोळा करून नेणारं काही नव्हतं.

मग पर्ससीन आलं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी मोठ्या प्रमाणावर वापरात आली. हे जाळं थव्याभोवती गोल फिरवून खालून आवळतात. शिंगाळे विणीच्या काळात थव्याने एकत्र येतात आणि त्या थव्यांत अंडी धरलेले नर मोठ्या संख्येने असतात. जाळं आवळलं की गुदमरलेले नर तोंडातली अंडी टाकून देतात. होडीच्या तळाशी अंड्यांचे थरच्या थर साचल्याच्या नोंदी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी त्या काळात केल्या आहेत. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर शिंगाळ्याची मासेमारी कोसळली. कारणं अनेक असतील, ट्रॉलरची संख्याही वाढली होती. पण उबवणारे नर एकगठ्ठा उचलले जाणं हे त्यातलं मोठं कारण, यावर माझ्या परिचयातल्या जाणत्या मत्स्यतज्ज्ञांचं दुमत नाही. तारली किंवा बांगडा खाली गेला तरी दोन-चार वर्षांत उसळी मारून वर येऊ शकतो. उशिरा वयात येणारा आणि शंभरभर अंडी घालणारा मासा तसा सावरत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ही बंदी उपयोगाची आहेच, पण शिंगाळ्याला ती पुरत नाही. वेगवेगळ्या जातींची वीण वेगवेगळ्या महिन्यांत होते आणि पावसाळ्यानंतर होड्या बाहेर पडल्यावरही अंडी धरलेले नर जाळ्यात येतात. तुमच्या परातीत आलेली अंडी ही त्यातलीच. यातून नुकसान किती होतं याचा आकडा सांगता येणार नाही, पण एवढं नक्की की बाजारात तोंड अंड्यांनी भरलेला शिंगाळा दिसला तर मी तो घेत नाही आणि विकणाऱ्याला तसं सांगतो. तो मासा आधीच मेलेला असतो, हे कळतं मला. पण सोलापूरच्या बाजारात "अंडीवाला" म्हणून जास्त दर मिळाला की पुढच्या खेपेला तसाच माल वेगळा काढून पाठवला जातो. मागणी करणाऱ्याचा तेवढा हात त्यात असतो.

आता शेततळं. तुम्ही मांडलेला तर्क वाईट नाही: पाणी खारं, मासा खाऱ्याचा. पण खारेपणा म्हणजे नुसतं एक माप नव्हे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुमच्या पाणी परीक्षणाच्या अहवालात विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, दिलेली असेल. ती ३ (डेसिसायमन प्रति मीटर) असेल तर लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास क्षार झाले. उसाला हे पाणी वाईट. पण समुद्राच्या मानाने ते जवळजवळ गोडंच आहे. समुद्री हाडांच्या माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात. त्यामुळे समुद्रात त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. तुमच्या तळ्यात उलटं होईल. बाहेरचं पाणी रक्तापेक्षा गोड, म्हणजे पाणी आत शिरेल आणि क्षार बाहेर जातील. खाडीत ये-जा करणारा मासा काही काळ हे सांभाळतो, पण त्याला परत खाऱ्याकडे जायची वाट असते. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात ती वाट नाही.

दुसरी अडचण क्षारांच्या जातीची आहे. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि सोडियमशी त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. आपल्याकडे काळ्या मातीखाली बसाल्टचा खडक आहे. त्यातून येणाऱ्या मचूळ पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम भरपूर मिळतं, पण पोटॅशियम सहसा अगदी तुटपुंजं. हरियाणात रोहतकजवळ केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं केंद्र खाऱ्या भूजलावर काम करतं. तिथे आणि पंजाब, राजस्थानात वनामी कोळंबी अशा पाण्यावर काढली जाते ती पोटॅश आणि मॅग्नेशियम मोजून घालूनच. न घालता सोडली तर कोळंबी कात टाकताना मरते. मिठाची पोती रिकामी केल्याने समुद्र तयार होत नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांना पदरमोड करून कळलेलं आहे.

समजा पाण्याचं जमवलं, तरी पिलं कुठून आणणार? शिंगाळ्याचं बीज बाजारात मिळत नाही. रोहू-कटल्याला इंजेक्शन देऊन एका रात्रीत लाखो अंडी मिळवता येतात, म्हणून त्यांची बीजकेंद्रं चालतात. शंभर अंडी देणारी मादी आणि दोन महिने उपाशी राहणारा नर घेऊन कुणी बीजकेंद्र चालवू शकणार नाही. खाडीतून पिलं पकडून आणायची तर तो वर सांगितलेलाच नाश झाला. वाढीचा हिशोबही मांडा: कानातल्या खड्यांची वलयं सांगतात की हा मासा सावकाश वाढतो. शेततळ्यात पैसा फिरायचा असेल तर मासा दहा-बारा महिन्यांत विक्रीला यायला हवा. तेव्हा माझं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे.

मग त्या तळ्यात काय करावं? आधी पाण्याचा नमुना नीट तपासून घ्या. नुसता ईसी आणि सामू पुरत नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता असे सगळे आकडे मागा. क्षार लिटरला दोन-तीन ग्रॅमच्या आत असतील तर रोहू, कटला, मृगळ चालतात. पंगस थोडा कमी प्राणवायूही सोसतो आणि सोलापुरात त्याला गिऱ्हाईक आहे. उजनीची चिलापी सगळ्यांना माहीत आहे आणि ती खारेपणा चांगला सोसते, पण सुधारित तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, ती काढल्याशिवाय बीज आणू नका. आफ्रिकन मांगूर कुणी "थाई मांगूर" म्हणून स्वस्तात देऊ केला तर हात लावू नका. त्यावर बंदी आहे आणि तळ्यातून ओढ्यात निसटला तर भीमेतल्या देशी माशांची वाट लावतो. उन्हाळ्याचं गणितही आत्ताच करा. सोलापूरचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, उथळ तळ्यातलं पाणी तापतं, पहाटे प्राणवायू खाली जातो. तळ्यात निदान दीड मीटर पाणी टिकत नसेल तर एप्रिलच्या आत मासे काढून विकलेले बरे.

राहिला खाण्याचा मुद्दा. तुमचा मासा खायला चांगलाच आहे, त्या काट्यांचं विष शिजवल्यावर उरत नाही. घेताना डोक्याचा हिशोब धरा. या माशाचं डोकं जड, हाडाचं, त्यामुळे चार किलोच्या माशातून अडीच-पावणेतीन किलो माल हाती लागला तर पुष्कळ. कल्ले उचलून बघा, लालसर असावेत, विटकरी-तपकिरी झाले असतील आणि बुळबुळीला आंबूस वास असेल तर ट्रकमध्ये बर्फ कमी पडला होता असं समजा. साफ करताना अंगावर मूठभर जाडं मीठ किंवा राख चोळून धुतलं की बुळबुळ निघते. मग तुकडे चिंच-मीठ लावून अर्धा तास ठेवा. समुद्राच्या माशाला आपल्या काळ्या मसाल्याचं तिखट कालवण जमत नाही असं कोकणी मित्र म्हणतात, पण शिंगाळ्याचं मांस घट्ट आणि तेलकट असल्यामुळे तो ते सहज पेलतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.